रंग बघायचेत : जहाज घ्यावं की गाडी काढावी?

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडच्या ऑक्टोबरमधल्या सहलीबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही एडिसनला (न्यू जर्सी) राहतो. आईबाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. त्यांना फॉल कलर्स (शरदात झडण्यापूर्वी पानांना येणारे रंग) दाखवायचेत. न्यू यॉर्कहून न्यू इंग्लंड-कॅनडाची सात रात्रींची क्रूझ घ्यावी, की गाडीने व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशर करावं? बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. मुलं आठ आणि अकरा वर्षांची आहेत.

उत्तर : पानांचे रंग हाच मुख्य हेतू असेल, तर गाडी काढा. समुद्र, जुनी बंदरं, तयार जेवण आणि रोज बॅगा न भरणं याला जास्त महत्त्व असेल, तर क्रूझ. दोन्ही सहली चांगल्या आहेत, पण क्रूझच्या जाहिरातीत लालभडक डोंगर दाखवतात आणि लोक त्या चित्रावर पैसे भरतात, तिथे निराशा होते.

जहाज बहुतेक वेळा रात्री चालतं, तेही किनाऱ्यापासून बरंच लांबून. सकाळी पडदा सरकवला की बंदर आलेलं असतं. तिथे सात-आठ तास मिळतात, संध्याकाळी जहाज पुन्हा निघतं. म्हणजे झाडांमधून जाण्याचा वेळ उरतो तो बंदरावरून घेतलेल्या बससहलीपुरता. त्यात मेन राज्याच्या किनाऱ्यावर स्प्रूस आणि फर ही बारमाही हिरवी झाडं जास्त. लाल-केशरी रंगाची उधळण करतात ते मेपल, आणि त्यांची दाटी व्हरमाँट-न्यू हॅम्पशरच्या डोंगरउतारांवर आहे. शिवाय समुद्र उन्हाळ्याची ऊब धरून ठेवतो, त्यामुळे किनाऱ्यावरचे रंग डोंगरांपेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा येतात.

दिवस लहान झाले की पानातलं हरितद्रव्य ओसरतं आणि मुळात असलेले पिवळे-केशरी रंग उघडे पडतात. लाल रंग मात्र झाड त्याच दिवसांत नव्याने तयार करतं. त्याला दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा लागतो, पण पाणी गोठेल इतकी थंडी नको. म्हणून दर वर्षी रंगांची तारीख थोडी पुढेमागे होते, आणि जोराचा पाऊस-वारा आला तर दोन दिवसांत उतार उघडे पडतात. क्रूझची तारीख कित्येक महिने आधी ठरलेली असते. गाडीची दिशा आदल्या रात्री बदलता येते. आमच्या मते सगळ्या तुलनेत हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे.

दिशा बदलायची ती अशी : पानं अजून हिरवी दिसली तर उत्तरेला किंवा उंचावर जा, झडलेली दिसली तर दक्षिणेला किंवा खाली दरीत उतरा. उत्तर व्हरमाँट, उत्तर न्यू हॅम्पशर आणि आतल्या मेनमध्ये सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, मध्य व्हरमाँट आणि व्हाइट माउंटन्समध्ये साधारण ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे, किनाऱ्यावर महिन्याच्या मध्यापासून पुढे, आणि कनेटिकट-ऱ्होड आयलंडच्या दक्षिण भागात महिनाअखेरीस रंग भरात असतात. राज्यांचे पर्यटन विभाग मोसमात रंगांचे अहवाल देतात. निघायच्या दोन दिवस आधी ते बघा.

तुम्ही सहा जण आहात. तीन रांगांची एसयूव्ही घ्यायचा मोह होईल, पण तिसरी रांग उघडी ठेवली की मागे जेमतेम दोन-तीन लहान बॅगा मावतात. मिनीव्हॅन घ्या. मागे खोल जागा असते, दार सरकतं आणि पायरी बुटकी असते, त्यामुळे आईंना गुडघा फारसा न वाकवता बसता येतं. बाबांना पुढची सीट द्या.

आईबाबा बरोबर असताना सहा दिवसांत दोनच मुक्काम करा. पहिला वुडस्टॉक किंवा स्टोच्या बाजूला व्हरमाँटमध्ये, दुसरा नॉर्थ कॉनवेला न्यू हॅम्पशरमध्ये. रोज नवं हॉटेल घेतलं की निम्मा दिवस बॅगा आणि चेक-इनमध्ये जातो, आणि क्रूझ घेतली असती तर बरं झालं असतं असं तिसऱ्या दिवशी घरात कोणीतरी म्हणतंच. एडिसनहून वुडस्टॉक पाच तासांच्या आसपास. तिथून रूट ४ ने पश्चिमेला किलिंग्टन गाठा आणि मग रूट १०० ने वॉटरबरी, स्टो असं उत्तरेला जा. किलिंग्टन आणि स्टो दोन्हीकडे पानांच्या मोसमात गोंडोला (डोंगरावर नेणारा रोपवे) चालू असतो, तेव्हा डोंगर चढायची गरज नाही. वुडस्टॉकजवळच्या पॉम्फ्रेटमधलं एक शेत फोटोंमुळे इतकं गाजलं, की २०२३ मध्ये गावाने मोसमापुरता तिकडचा रस्ता बाहेरच्या गाड्यांना बंद केला. तो बेत आखू नका. तसे कोपरे रूट १०० वर जागोजागी आहेत.

नॉर्थ कॉनवेला मुक्काम ठेवायला सांगतो, त्याचं कारण कँकमेगस हायवे. कॉनवे ते लिंकन हा सुमारे ५५ किलोमीटरचा रस्ता, साधारण पूर्व-पश्चिम. सकाळी कॉनवेहून पश्चिमेला निघालात तर ऊन पाठीवर राहतं, दुपारी उशिरा लिंकनहून परतताना पुन्हा पाठीवरच. चालकाच्या डोळ्यांवर तिरीप येत नाही आणि समोरचा उतार उजळलेला दिसतो. लिंकनला मुक्काम केला तर दोन्ही वेळा ऊन तोंडावर घ्यावं लागतं. या रस्त्यावर पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, मोबाइलची रेंजही बऱ्याच ठिकाणी जाते. टाकी कॉनवेतच भरा, नकाशा फोनवर उतरवून घ्या, डबा आणि पाणी बरोबर ठेवा. थांब्यांवर राष्ट्रीय वनाचा दिवसाचा पास लागतो, ५ डॉलर. रॉकी गॉर्ज रस्त्याला लागूनच आहे, आईंना झेपेल. सॅबडे फॉल्सची वाट छोटी आहे, पण शेवटी पायऱ्या आहेत. शनिवार-रविवारी नऊच्या आत रस्त्याला लागा. अकरानंतर पार्किंगच्या रांगेत अर्धा-अर्धा तास जातो.

संध्याकाळी सहाच्या सुमारास अंधार पडतो. तोवर मुक्कामी पोचा. या भागात संध्याकाळी आणि पहाटे मूस रस्त्यावर येतात. हे हरणाच्या कुळातलं प्रचंड, गडद रंगाचं जनावर. त्याचे डोळे दिव्यांच्या झोताच्या वर राहतात, त्यामुळे हरणासारखे लांबून चमकत नाहीत आणि ते अगदी जवळ आल्यावरच दिसतं.

मुक्कामाचं आरक्षण मात्र क्रूझइतकंच आधी करावं लागतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी अमेरिकेत कोलंबस डे आणि कॅनडात थँक्सगिव्हिंग असतो, म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंची गर्दी एकाच वेळी. त्या शनिवार-रविवारी किमान दोन रात्रींची अट सर्रास असते. त्याच आठवड्यात मंगळवार ते शुक्रवार गेलात तर जागा मिळते आणि दरही उतरतात. रद्द करता येणारं आरक्षणच घ्या. थोडे जास्त पैसे पडले तरी दिशा बदलण्याची मोकळीक त्यातूनच मिळते.

प्रश्न : क्रूझ घेतली तर आईबाबांना कॅनडाचा व्हिसा लागेल का? जहाज दोनच दिवस कॅनडात थांबतं. माझा एच-१बी (अमेरिकेतला कामाचा व्हिसा) आहे, पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलीय.

उत्तर : लागेल. भारतीय पासपोर्टवर कॅनडात पाऊल ठेवायचं, तर एका दिवसासाठीही व्हिजिटर व्हिसा हवा. कागद नसतील तर जहाजावर चढूच देत नाहीत, आणि त्या वेळी पैसे परत मिळायची आशा धरू नका. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना व्हिसा लागत नाही, पण वैध पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. अर्जाची फी १०० कॅनेडियन डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटोचे ८५ वेगळे. ठसे अमेरिकेतही देता येतात. प्रक्रियेला आठवडे लागतात, त्यामुळे आईबाबा भारतात असतानाच अर्ज केलेला बरा.

कॅनडाला न जाणारी क्रूझ शोधू म्हणाल, तर मोठ्या जहाजांत ती सहसा मिळणार नाही. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला फक्त अमेरिकी बंदरांमधून प्रवासी फिरवता येत नाहीत, मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठी जहाजं जवळपास सगळी परदेशी नोंदणीची, म्हणून कार्यक्रमात हॅलिफॅक्स किंवा सेंट जॉनसारखं कॅनडाचं बंदर असतंच. अमेरिकी झेंड्याची छोटी जहाजं नुसता मेनचा किनारा करतात, पण त्यांचे दर बरेच चढे असतात.

तुमच्याबद्दल : शिक्का संपला असला तरी आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची आणि राहण्याच्या मुदतीची नोंद) वैध असेल आणि फक्त कॅनडाला तीस दिवसांच्या आत जाऊन येत असाल, तर परत येताना जुना शिक्का चालतो. मात्र तिथे असताना नव्या अमेरिकी व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. आय-९४ ची छापील प्रत आणि आय-७९७ (एच-१बीच्या मंजुरीची नोटीस) जवळ ठेवा, आणि जहाज कंपनीकडून हे आधी लेखी विचारून घ्या, कारण काउंटरवरच्या माणसाला हा नियम माहीत असतोच असं नाही. कॅनडात जाणं-येणं तुम्हालाही व्हिसा घेऊनच करावं लागेल. आईबाबांच्या बाबतीत एक गैरसमज ऐकू येतो, की कॅनडाला जाऊन आलं की नवे सहा महिने मिळतात. तसं धरून परतीचं तिकीट पुढे ढकलू नका.

आईबाबांसाठी घेतलेला व्हिजिटर विमा जहाजावर आणि कॅनडात चालतो का, हेही वाचा. जहाजावरच्या डॉक्टरची फी वेगळी लागते आणि ती खात्यावर चढते.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत आणि सासूबाईंचे नवरात्राचे उपवास असतात. जहाजावर जमेल?

उत्तर : शाकाहार जमतो, अगदी जैन जेवणही. बऱ्याच मोठ्या जहाजांवर भारतीय स्वयंपाकी असतात. पण आरक्षणानंतर लगेच कंपनीला कळवा, आणि पहिल्याच संध्याकाळी जेवणघराच्या मुख्य वाढप्याला भेटा. तो रोज रात्री दुसऱ्या दिवसाचं विचारून घेतो. ऐनवेळी टेबलावर मागितलं तर उकडलेल्या भाज्या आणि पास्ता यावर भागवावं लागतं.

उपवासाचं मात्र जहाजावर होणार नाही. दूध, दही, फळं, उकडलेला बटाटा मिळेल. राजगिऱ्याचे लाडू आणि चिक्की कारखान्याच्या बंद पाकिटातली न्या. घरी केलेले पदार्थ चढताना काढून ठेवायला लावतात, आणि इलेक्ट्रिक किटली, कुकर, इंडक्शन तर नक्कीच जप्त होतात. जहाजावरचं फळ खिशात घालून बंदरावर उतरू नका, कस्टम्स दंड करतं. गाडीच्या सहलीत स्वयंपाकघर असलेलं घर घेतलं, की ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानांतून भगर, साबुदाणा आणि दाण्याचं कूट घेऊन निघालं म्हणजे झालं.

प्रश्न : ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातली क्रूझ आधीच आरक्षित झाली आहे. जास्तीत जास्त रंग कसे पदरात पाडावेत?

उत्तर : बंदरागणिक सहल निवडा, सगळीकडे कंपनीची पहिली सुचवलेली सहल घेऊ नका. हॅलिफॅक्सहून सगळे पेगीज कोव्हला जातात. दीपगृह सुंदरच आहे, पण भोवती उघडा ग्रॅनाइटचा कातळ आहे, झाडं नाहीत. कॅनडातलं सिडनी बंदर असेल तर तिथून केप ब्रेटन बेटावरच्या बॅडेक गावाची सहल घ्या. केप ब्रेटनचे रंग साधारण त्याच सुमाराला भरात असतात. तिथल्या कॅबट ट्रेल या रस्त्याची पूर्ण फेरी सुमारे ३०० किलोमीटरची आहे, ती जहाजाच्या वेळेत होत नाही. सेंट जॉनला पानांपेक्षा भरती-ओहोटी बघा : भरतीच्या वेळी नदीचा प्रवाह उलटा फिरतो. भरती आणि ओहोटी अशा दोन वेळी गेलं तरच फरक कळतो, म्हणून त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक आधी काढा.

बार हार्बर कार्यक्रमात असेल तर तुम्ही नशीबवान, कारण अकेडिया राष्ट्रीय उद्यान तिथेच आहे. २०२२ मध्ये गावाने मतदान करून दिवसाला १,००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा घातली, तेव्हापासून मोठी जहाजं तिथून कमी झाली. तिथे धक्का नाही. जहाज खाडीत नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून नेतात. समुद्र खवळलेला असेल तर बोटी सोडतच नाहीत आणि बंदर रद्द होतं. कॅडिलॅक शिखरावर (१,५३० फूट) स्वतःच्या वाहनाने जायचं तर मोसमात आधी वेळ आरक्षित करावी लागते, म्हणून जहाजातून उतरून भाड्याची गाडी घ्यायचा विचार असेल तर ती वेळ घरूनच घ्या. २०२६ पासून अकेडियासह अकरा उद्यानांत अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांना, सोळा आणि त्यापुढच्या वयाच्या प्रत्येकी, नेहमीच्या प्रवेशाखेरीज १०० डॉलर पडतात. भारतातून आलेले पाहुणे असतील तर ते हिशेबात धरा.

मोसम वादळांचाही असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये फिओना वादळ थेट नोव्हा स्कोशियावर आलं होतं. बंदर गाळलं तर साधारणपणे त्या बंदराचे कर परत मिळतात, भाडं नाही. म्हणून बाहेरच्या कंपनीची सहल घेताना, जहाज आलं नाही तर पैसे परत, ही अट वाचून घ्या. केबिन मधल्या भागात, खालच्या मजल्यावरची असेल तर हेलकावे कमी जाणवतात.

नोव्हा स्कोशिया आणि न्यू ब्रन्सविकचं घड्याळ न्यू यॉर्कच्या एक तास पुढे आहे. फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो, जहाज मात्र कधी आपलीच वेळ ठेवतं, कधी बदलतं. उतरण्यापूर्वी जहाजाच्या दारावरच्या घड्याळाचा फोटो काढा आणि परतीची वेळ त्यावरूनच मोजा.