लिहित्या हातांसाठी : पात्र कोणासमोर उभं आहे?

प्रश्न : मी वडोदऱ्यात मांजलपूरला राहते, बँकेत नोकरी करते. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यावर कथा लिहिली आहे. आबा रेल्वेतून निवृत्त झालेले, बायको गेलेली. मुलाला वाडा बिल्डरला द्यायचा आहे आणि आबांचा त्याला विरोध आहे. लिहायला बसण्याआधी मी आबांची चार पानी माहिती तयार केली होती : जन्मसाल, उंची, आवडती भाजी, पूजेची वेळ, लहानपणचं आजारपण, सगळं. तरी एका संपादकांनी कथा परत पाठवली. 'आबांबद्दल कळतं, आबा भेटत नाहीत,' असं त्यांनी लिहिलं आहे. कथा सोबत जोडली आहे. माझं काय राहून गेलं?

उत्तर : कथा वाचली, ती चार पानंही वाचली. संपादकांचं म्हणणं मला पटलं, पण निराश होऊ नका. आबा तुमच्या कथेत आहेत, फक्त तुम्ही त्यांना शोधत होता तिथे नाहीत.

तुमचे आबा मुलाशी, बिल्डरच्या माणसाशी, मागच्या खोलीत राहणाऱ्या वहिनींशी आणि धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईशी एकाच आवाजात बोलतात. संथ, समंजस, शेवटी थोडं सुविचाराकडे झुकणारं बोलणं. असं एका आवाजात कोणी जगत नाही, आणि बडोद्यात तर नाहीच नाही. रावपुऱ्यातून मांडवीकडे जाताना इथला मराठी माणूस रिक्षावाल्याशी गुजरातीत बोलतो, मध्येच फोन आला तर बहिणीशी मराठीत, आणि मुलाच्या शाळेतून फोन आला तर आवाज खाली आणून जमेल तशा इंग्रजीत. भाषेबरोबर त्याची बसण्या-उभं राहण्याची ढबही बदलते. माझे वडील घरात मोजकं बोलायचे. खंडेराव मार्केटात पापडीचा भाव करताना मात्र ते गुजरातीत असे काही रंगायचे की मी पिशवी धरून बघत राहायचे. आणि आईचे वडील आले की तेच बाबा खुर्चीच्या कडेवर बसायचे, पाठ टेकायचे नाहीत. यातले खरे बाबा कुठले, असं मला कोणी विचारलं तर मी तिन्ही म्हणेन.

म्हणून 'आबा कसे आहेत' हा प्रश्न काही दिवस बाजूला ठेवा. प्रत्येक प्रसंगाआधी एवढंच विचारा : आबा आत्ता कोणासमोर आहेत, आणि त्या माणसाला काय कळू नये असं त्यांना वाटतंय? मला विचाराल तर पात्र उभं करण्याचं निम्म्याहून जास्त काम या प्रश्नात आहे. आवडती भाजी नंतर सुचते.

आता तुमच्याच कथेतली एक जागा दाखवते. उत्तरार्धात आबा वर्तमानपत्रातली नव्या इमारतीची जाहिरात फाडून, घडी करून पाकिटात ठेवतात. एकच वाक्य. पुढे तिचा उल्लेख नाही, तुमच्या चार पानांतही ती नाही. मी तिथे थांबले, कारण मला आबा तिथे भेटले. ज्याला वाडा सोडायचाच नाही तो माणूस जाहिरात कशाला जपेल? जिना चढवत नाही म्हणून? जाहिरातीत लिफ्ट लिहिली आहे म्हणून? कदाचित वाडा आबांनाही नकोसा झाला आहे. पण वहिनी त्या वाड्यात नवी नवरी होऊन आल्या, त्यांना मूलबाळ नाही, आणि वाडा गेल्यावर त्या कुठे राहणार हे घरात कोणी उच्चारलेलं नाही. मुलावर ओरडणं आबांना सोपं आहे. 'वहिनी, मलाही जावंसं वाटतं' हे म्हणणं जड आहे. मग मुलाशी होणारं ते भांडण भिंतीपलीकडे वहिनींना ऐकू जावं म्हणून होतं. तुमचा तो दीड पानांचा संवाद शब्दही न बदलता ठेवा, फक्त मागच्या खोलीत पोळ्या लाटण्याचा आवाज मध्येच थांबवा. वाचकाला पुरेल.

आणखी एक प्रसंग लिहून पाहा, कथेत घ्याल न घ्याल तो पुढचा प्रश्न. आबा कोणालाही न सांगता नमुना फ्लॅट बघायला जातात. तिथला पोरगा म्हणतो, "आवो काका, बेसो." आबा बसत नाहीत. "लिफ्ट चालू छे?" एवढंच विचारतात, आणि चालू असते तरी खात्रीसाठी दोनदा खालीवर करतात. घरी आल्यावर :

"भाऊजी, इतका वेळ?"
"मार्केटात गेलो होतो. पापडी बघायला."
"मग पिशवी?"
"भाव फार सांगत होता."

या चार ओळींत आबांचं वय, वहिनींबद्दलचा आदर, त्यांची भीती आणि त्यांचं खोटं बोलण्यातलं कच्चेपण, सगळं येतं. वहिनींना कळलं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला वाटतं कळलं.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजमध्ये दिलेल्या व्याख्यानांत सपाट, म्हणजे एकाच गुणाभोवती बेतलेली, आणि भरीव पात्रं असा भेद केला होता. भरीव पात्राची त्यांची कसोटी अशी की ते आपल्याला पटेल अशा रीतीने चकित करू शकतं. नवे लेखक चकित करण्याच्या मागे लागतात आणि पटण्याचं विसरतात. आबांनी अचानक वाडा विकून टाकला तर चकित होऊ, पण ती जाहिरात आधी पाकिटात गेली असेल तर पटेलही. फॉर्स्टर सपाट पात्रांना नाकारत नाहीत, हेही लक्षात घ्या. बिल्डरचा माणूस सपाट राहिला तरी कथेचं काही बिघडणार नाही. वहिनी सपाट राहिल्या तर मात्र आबाही सपाट होतील.

जाता जाता, तुमच्या कथेत सगळं जग त्यांना 'आबा' म्हणतं. रेल्वेतले गुजराती सहकारी त्यांच्या नावापुढे 'भाई' लावतील, शेजारची मुलं 'काका' म्हणतील, बिल्डर 'साहेब' म्हणेल. 'आबा' फक्त घरात ठेवा.

प्रश्न : माझी पणजी सयाजीराव महाराजांच्या काळात बडोद्यात वाढली. ती चौथीपर्यंत शिकली आणि फार बंडखोर होती असं घरात सांगतात. तिच्यावर कादंबरी लिहिते आहे, पण ती आजच्या मुलीला नऊवारी नेसवल्यासारखी वाटते. तिला त्या काळातली कशी करू?

उत्तर : 'बंडखोर' हे विशेषण घरच्यांनी मागाहून दिलेलं आहे. पणजीच्या मनात तो शब्द नसणार, तेव्हा तुमच्याही मनातून काढून टाका. त्याऐवजी तिच्याभोवतीची माणसं आधी उभी करा. सुरुवात तिच्या वडिलांपासून.

बडोदा संस्थानात १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. मुलीसाठी किमान वय १२ आणि मुलासाठी १६ ठरलं. १९०६ साली प्राथमिक शिक्षण संस्थानभर सक्तीचं झालं, मुलींसाठीसुद्धा. दोन्ही कायदे मोडले तर दंड होता, आणि दंड भरून लग्न उरकणारी घरंही होती. आता असा एक बाप डोळ्यांसमोर आणा जो कचेरीत कारकून आहे. वरिष्ठांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून तो मुलीला शाळेत धाडतो. तोच बाप, आई अंथरुणाला खिळली आणि 'नातीचं लग्न बघून डोळे मिटू दे' म्हणाली की दंडाचे पैसे बाजूला काढून ठेवतो. पुरोगामी की सनातनी? अ‍ॅरिस्टॉटलने सांगून ठेवलं आहे की पात्र विसंगत असेल तर त्याची विसंगतीही सुसंगत हवी. हा बाप प्रत्येक वेळी, समोर जो उभा असेल त्याच्यापुढे वाकतो. ते एकदा तुम्हाला दिसलं की त्याच्या दोन्ही वागण्यांवर वाचक विश्वास ठेवेल, आणि त्याच्यावर रागावणंही सोपं राहणार नाही.

मग पणजी. तिची इच्छा छोटी ठेवा, हे मी अगदी आग्रहाने सांगते. १९१० पासून विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाच्या देखरेखीखाली बडोद्यात ग्रंथालयांचं जाळं उभं राहू लागलं, आणि खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या जायच्या. पणजी लग्न होऊन संस्थानातल्याच एखाद्या गावी गेली असेल तर अशी पेटी तिच्या गावात येऊ शकते. पेटी परत जायच्या आत तिला हातातलं पुस्तक संपवायचं आहे, एवढीच तिची धडपड असू दे. सासू शेजारणींसमोर 'आमच्या सुनेला वाचता येतं' म्हणून मिरवते, तिच्याकडून पोथी वाचून घेते आणि रात्री दिवा लवकर मालवते. या दोघींत पान पान कथा आहे. त्यात 'स्वातंत्र्य' हा शब्द एकदाही न येता कादंबरी पुढे जाईल.

तिची शाळा मराठी होती की गुजराती, आणि सासरच्या गावी मराठी बोलणारं दुसरं कोण होतं, हे मात्र घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नक्की करून घ्या. तिची पहिली मैत्रीण त्यावरून ठरेल.

प्रश्न : माझ्या काकांवर कथा लिहायची आहे. माणूस खराच इतका विलक्षण आहे की काही बदलावंसं वाटत नाही. जसंच्या तसं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : जसंच्या तसं तुम्हाला लिहिताच येणार नाही, कारण तुम्ही त्यांना पुतण्यासमोरच पाहिलं आहे. औषधाच्या दुकानात 'पुढच्या महिन्यात देतो' म्हणताना त्यांचा चेहरा कसा होतो, सुरसागरच्या कट्ट्यावर जुन्या मित्रांत ते कोणाची थट्टा करतात आणि कोणाची कधीच करत नाहीत, तुमच्या काकूंवर चिडले की घराबाहेर पडून कुठे जातात, हे तुम्हाला ठाऊक नाही. कथा तिथून सुरू करा. तिथे कल्पनेशिवाय इलाज नाही, आणि कल्पना करू लागलात की ते आपोआप वेगळे होत जातील. मग नाव, गाव, धंदा बदलायला जीव अडणार नाही. त्यांची एखादी सवय फारच आवडत असेल तर ती कथेतल्या दुसऱ्याच माणसाला द्या, जमलं तर एखाद्या बाईला. आणि कथा छापायला देण्याआधी काकूंना वाचायला द्या.