वाचकांचे प्रश्न : सिद्राम, सिद्धराम की सिद्धेश्वर?

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं नाव सिद्रामप्पा. नातवाचं नाव त्यांच्यावरून ठेवायचं आहे. सिद्राम, सिद्धराम, सिद्धेश्वर ही एकच नावं का? दाखल्यावर काय लिहावं?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : मूळ एक, नावं वेगळी. बाराव्या शतकात, बसवेश्वरांच्या काळात, सोन्नलिगे म्हणजे आजच्या सोलापुरात होऊन गेलेले शिवशरण सिद्धराम हे या सगळ्यांचं उगमस्थान. ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ या मुद्रेने, म्हणजे रचनेत सहीसारख्या येणाऱ्या नावाने, त्यांनी कन्नड वचनं रचली. त्यांचंच देवरूप सिद्धरामेश्वर, आपल्या तोंडी सिद्धेश्वर. तलावातलं देऊळ त्यांचं, संक्रांतीला नंदीध्वज निघतात तेही त्यांचेच.

‘सिध्’ म्हणजे पूर्णत्वाला जाणं. त्यावरून सिद्ध, साधना फळाला आलेला. ‘राम’ शब्द ‘रम्’ धातूचा, रमणारा किंवा रमवणारा. सिद्ध आणि ईश्वर मिळून सिद्धेश्वर. सिद्धेश त्याचंच आटोपशीर रूप. सिद्धार्थ मात्र वेगळं नाव : ज्याचा हेतू साध्य झाला तो.

सिद्राम हे बोलीतलं रूप. भरभर उच्चारताना मधला ‘अ’ गळतो आणि ‘ध’ विरतो. त्याला कन्नडमधला ‘अप्पा’, म्हणजे वडील, आदराने जोडला की सिद्रामप्पा. हे रूप अशुद्ध अजिबात नाही. घराण्यात चालत आलं असेल तर तेच ठेवावं, असं आमचं मत.

सिद्धराम ठेवणार असाल तर जोडाक्षर सांभाळा. ‘सिध्’ला ‘त’ प्रत्यय लागतो, ‘त’चा ‘ध’ होतो आणि आधीच्या ‘ध्’चा ‘द्’. म्हणून आधी द, मग ध. टंकताना द, हलन्त (पाय मोडायची खूण), ध असा क्रम हवा. अनेक ठिकाणी उलटं ‘सिध्दराम’ छापलं जातं. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावं, आणि शोधताना नोंद सापडत नाही. इंग्रजीत ‘डी’ एक की दोन, हेही आधीच ठरवा.

जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते. बारसं व्हायचं असेल तर नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क चढवता येतं, त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. तेव्हा घाई नको. दाखला हातात पडताच, खिडकीवरून हलण्याआधी, मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावं अक्षर न् अक्षर तपासा.