त्या आमटीला तुम्ही पुन्हा फोडणी का दिलीत?

देवगड तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र:

"आमच्या लग्नाला अकरा वर्षे झाली. लग्नाचा वाढदिवस मे महिन्यात येतो आणि दर वर्षी आंब्याच्या पेट्या भरण्यातच जातो. या वर्षी हंगाम आटोपल्यावर, मिरग लागल्यानंतर, तो साजरा करायचे मी ठरवले आहे. सासूबाई मुलाला घेऊन दोन दिवस नणंदेकडे मालवणला जाणार आहेत. त्या संध्याकाळी घरीच इटालियन पद्धतीचे जेवण करीन म्हणते. लाल-पांढऱ्या चौकटीचा टेबलक्लॉथ आणि मेणबत्त्या आणून लपवून ठेवल्या आहेत, इटालियन गाणीही मोबाईलवर घेतली आहेत. यांना काहीच सांगितलेले नाही. हे आठ वाजता बागेतून येतील तेव्हा पिझ्झासुद्धा टेबलावर तयार असावा, अशी इच्छा आहे. आमच्याकडे छोटा ओव्हन आहे, पण पावसात विजेचा भरवसा नसतो. तव्यावर पिझ्झा होतो का? मोझरेला चीज मिळाले नाही तर काय करावे? आणि मुख्य म्हणजे, यांना अशा गोष्टींत रसच नाही. जेवतानाही फोन बघत असतात. गेल्या श्रावणात मला ताप होता तेव्हा यांनी एकदाच आमटीभात केला होता. आमटीला चव नव्हती म्हणून मी उठून पुन्हा फोडणी दिली. त्यानंतर स्वयंपाकघराकडे फिरकलेसुद्धा नाहीत. अशा माणसाला ती संध्याकाळ आवडावी म्हणून मी काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात टेबलक्लॉथच्या रंगाला जागा मिळाली आहे, गाण्यांना मिळाली आहे, मेणबत्त्या कुठे लपवल्या तेही तुम्ही मूळ पत्रात सविस्तर लिहिले आहे, आणि आमटीचा विषय मात्र तुम्ही येता जाता उरकला आहे. यजमानांना कशातच रस नाही याचा पुरावा म्हणून तुम्ही तो दिलात. मला त्यात नेमके उलटे दिसले, म्हणून माझे हे सगळे उत्तर त्या आमटीला आहे. तव्याचे आणि चीजचे ओघाने येईलच.

तो श्रावणातला दिवस जरा पुन्हा डोळ्यांसमोर आणा. घरात बायको तापाने झोपलेली आहे. ज्या माणसाने स्वयंपाकघरात कधी काही केलेले नाही, तो आपण होऊन आत जातो. डाळ कुठल्या डब्यात, मोहरी कुठल्या, कोकम बरणीत आहे की डब्यात, हे त्याला शोधावे लागले असणार. भाताला पाणी किती घालायचे हे तुम्हाला विचारावे तर तुमची झोप मोडेल, म्हणून त्याने अंदाजानेच घातले असणार. इतके करून तो ताट वाढतो. तुम्ही एक घास घेता, उठता, कढल्यात तेल तापवता आणि मोहरी तडतडवता. फोडणी ही गुपचूप देता येण्यासारखी गोष्ट नव्हे. तिचा आवाज आणि वास पडवीपर्यंत जातो, आणि तुमचे यजमान तर चार पावलांवर उभे असतील. त्यांना तुम्ही तोंडाने एक शब्दही बोलला नसाल, पण जे कळायचे ते त्यांना कळले.

आणि भगिनी, तुम्हाला ताप होता. तापात तोंडाची चव जाते, पेजसुद्धा कडू लागते, हे अकरा वर्षे संसार केलेल्या बाईला मी सांगायला हवे का? त्या आमटीला चव नव्हती असे तुम्ही कशाच्या जोरावर ठरवलेत? मला राग आला आहे तो याचा. ती आमटी कदाचित चांगली झालीही असेल, निदान बरी झाली असेल, आणि आता ते कुणालाच कधी कळणार नाही.

हे वाचून काही वाचक भगिनी माझ्यावर संतापतील. जन्मभर बायकांनी रांधायचे, आणि पुरुषाने एकदा आमटी केली तर तिचे कौतुक किती करायचे, असे त्या विचारतील. प्रश्न रास्त आहे, आणि जो पुरुष कधी आत आलाच नाही त्याच्याविषयी मी तो त्यांच्याबरोबर विचारीन. हा आला होता. त्याला परत पाठवण्यात आले.

आता तुमच्या बेताकडे पाहू. सगळे तुम्ही एकटीने ठरवायचे, एकटीने आणायचे, एकटीने मळायचे, भाजायचे आणि मांडायचे, आणि त्यांनी आठ वाजता हातपाय धुऊन, पाहुण्यासारखे त्या चौकटीच्या टेबलक्लॉथसमोर येऊन बसायचे. मग ते काय करतील? चार घास खातील, "छान झाले आहे" म्हणतील, आणि थोड्या वेळाने त्यांचा हात फोनकडे जाईल. तो जाऊ नये असे तुम्हाला वाटते. पण त्या हातांना तुम्ही त्या संध्याकाळी दुसरे काम काय ठेवले आहे? श्रावणात जी गोष्ट तापाच्या भरात झाली, तीच तुम्ही आता महिनाभर आधीपासून आखून करायला निघाला आहात, असे मला हे पत्र वाचताना सारखे वाटत राहिले.

शिवाय तुम्ही जो पदार्थ निवडला आहे, तो असा आधी करून ठेवायचा पदार्थच नाही. पिझ्झ्याचे घर म्हणजे नेपल्स. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांनी १९८४ मध्ये संघटना स्थापन करून आपल्या पिझ्झ्याचे नियम लिहून काढले, २०१० मध्ये युरोपीय संघाने त्याच्या पारंपरिक पद्धतीला संरक्षण दिले, आणि २०१७ मध्ये तिथल्या कारागिरांची ही कला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. यादीत गेली ती हातांची कला: कणकेचा गोळा मळणे, तो बोटांनी पसरणे, आणि लाकडाच्या भट्टीत सतत फिरवत भाजणे. त्या नियमांप्रमाणे लाटणे वापरायचे नाही. गोळा मधून कडेकडे बोटांनीच दाबत न्यायचा, म्हणजे आतली हवा कडेला जाऊन तिथे फुगीर काठ तयार होतो. चारशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेल्या भट्टीत तो साधारण ६० ते ९० सेकंदांत भाजून होतो आणि तिथल्या तिथे, गरम असतानाच खायचा असतो. तुमचा पिझ्झा सात वाजता होऊन आठपर्यंत टेबलावर बसला, तर चीज घट्ट होईल, रोटी चामट होईल, आणि मेणबत्तीच्या उजेडातही ती चामटच लागेल.

म्हणून तुम्ही एवढेच करायचे: त्या संध्याकाळी पिझ्झा यजमानांना करू द्यायचा, आणि तुम्ही त्याला हात लावायचा नाही.

गुपित ठेवू नका. आज रात्री जेवताना सांगा की अमुक दिवशी घरात आपण दोघेच आहोत, त्या दिवशी पिझ्झा करायचा आहे आणि तो तुम्ही करायचा आहे. ते हसतील, "मला काय येतंय" म्हणतील. त्यावर समजूत घालत बसू नका, फक्त "येईल" म्हणा आणि भात वाढा.

त्यांना येईल असे मी का म्हणते, तेही सांगते. तुमचे यजमान हापूसचे बागायतदार आहेत. झेल्याने देठासकट आंबा उतरवायचा, त्याला चीक लागू द्यायचा नाही, पेंढ्याच्या आढीत ठेवायचा, आणि नंतर रोज हलक्या बोटांनी चाचपून कुठला तयार झाला, कुठल्याला अजून दोन दिवस हवेत, हे ओळखायचे, हे काम त्यांचे हात वर्षानुवर्षे करत आले आहेत. मळलेला मैदा पुरेसा विसावला की नाही हेही बोटानेच पाहायचे असते: हलके दाबले आणि खळगा सावकाश, अर्धवट भरून आला, की तो तयार. लगेच उसळून वर आला तर अजून थांबायचे. खळगा तसाच राहिला तर उशीर झाला. हे तुमच्यापेक्षा त्यांना आधी कळेल, असे मी पैजेवर सांगते.

कृती त्यांना वाचून दाखवा. दोन पिझ्झ्यांना २५० ग्रॅम मैदा, सुमारे १५० मिलिलिटर कोमट पाणी, अर्धा लहान चमचा इन्स्टंट यीस्ट, सपाट चमचाभर मीठ आणि थोडे तेल. दहा मिनिटे मळायचे. सुरुवातीला गोळा हाताला चिकटतो, आणि पावसाळी दमट हवेत तर फारच चिकटतो. तिथे तुमच्या तोंडी "मैदा घाला अजून" हे शब्द येतील, ते गिळा. मळता मळता तो आपोआप सुटतो. मग झाकून ठेवायचा. आपल्याकडच्या उकाड्यात तास-सव्वा तासात दुप्पट होतो. आंबोळीचे पीठ रात्रभर फुगवणाऱ्या घराला यात नवे काही नाही. त्यानंतर दोन गोळे करून पंधरा मिनिटे विसावू द्यायचे आणि बोटांनी पसरायचे.

विजेची काळजी सोडून द्या, ओव्हन लागणारच नाही. घावन ज्या बिडाच्या तव्यावर घालता तोच काढा. तो चांगला तापला की पसरलेली रोटी त्यावर टाकायची, वर फोड येऊन खाली डाग पडले की उलटायची, आच मंद करायची, भाजलेल्या बाजूवर टोमॅटो आणि चीज घालून झाकण ठेवायचे. चार-पाच मिनिटांत चीज वितळते. वरून भट्टीसारखा रंग येणार नाही, पण खालून बिडाचा खरपूसपणा येतो आणि तो उत्तम लागतो. टोमॅटो नेपल्समध्ये शिजवून घालत नाहीत, कुस्करून मीठ घालून कच्चाच पसरतात. आपले टोमॅटो पाणीदार असतात, म्हणून लसणाबरोबर तेलावर थोडा आटवून घ्यावा. बेसिल मिळाले नाही तर परसातल्या सब्ज्याची चार पाने चालतील, ते झाड त्याच जातीचे आहे.

आता अवघड भाग. पहिली रोटी बहुधा फाटेल. तिचा आकार गोल होणार नाही, एका बाजूला जाड आणि दुसरीकडे पातळ होईल, तव्यावर टाकताना दुमडेल. त्या वेळी तुम्ही ओट्याजवळ उभ्या राहूच नका, कारण उभ्या राहिलात तर तुमचा हात पुढे जाईल, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. खुर्ची घेऊन दाराजवळ बसा. त्यांनी मागितले तर झाकण द्या, मीठ द्या. "असे नाही, असे" हे शब्द त्या संध्याकाळी त्या घरात उच्चारायचे नाहीत, आणि तोंडाने न बोलता जे बोलले जाते तेही आवरायचे, कारण तुमचा चेहरा ते अकरा वर्षे वाचत आले आहेत. मग ती फाटकी, काळपट डागांची रोटी तव्यावरून उतरली की तिथेच, स्वयंपाकघरातच, हाताने तोडून दोघांनी खायची. मीठ कमी पडले असेल तर कमी मिठाची खायची. वरून काहीही भुरभुरवायचे नाही. दुसरी रोटी पहिलीपेक्षा बरी येईल, आणि ती का बरी आली हे ते तुम्हाला स्वतःच सांगू लागतील. ते सांगत असताना ऐका.

आणि एक वाक्य तुम्ही बोलायचे आहे. मैदा मळताना बोला, त्यांचे हात भरलेले असताना आणि नजर परातीत असताना. मेणबत्त्या लावून समोरासमोर बसून असले काही बोलायला गेलात तर दोघांचीही पंचाईत होईल. "श्रावणात तुम्ही आमटी केली होती, तिला मी फोडणी द्यायला नको होती." पुढे खुलासा नको, ताप होता वगैरे कारणे नकोत. ते "कुठली आमटी?" म्हणाले तरी त्यांना आठवत नाही असे समजू नका. दहा महिने जो माणूस स्वयंपाकघराकडे फिरकला नाही, त्याला ती चांगली आठवते.

बाकीचे प्रश्न लहान आहेत. टेबलक्लॉथ घाला, हौसेने आणला आहे. गाणी लावा, मात्र हळू. मेणबत्त्या हाताशी असू द्या, पहिल्या पावसात वीज गेली की त्या लागतीलच. पेल्यात कोकम सरबत घाला. आटवलेल्या टोमॅटोच्या लसणीच्या चवीबरोबर ते छान लागते, त्यासाठी बाहेरून काही आणू नका. सासूबाई परत आल्या की पिझ्झा कुणी केला ते त्यांना तुम्हीच सांगा, आणि सांगताना "मी शिकवला" असे जोडू नका.

राहिले मोझरेला. देवगडात मिळाले नाही तर कणकवलीच्या मोठ्या दुकानांत चौकशी करावी. पण तीही तुम्ही करू नका. यादी लिहून यजमानांच्या हातात द्या आणि त्यांनाच आणू द्या. चीज मुळीच मिळाले नाही तरी अडत नाही, नेपल्सच्या नियमांत बसणाऱ्या दोन पिझ्झ्यांपैकी मरिनारा हा चीजशिवायच असतो: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो आणि तेल, बस्स. आणि त्यांनी मोझरेलाऐवजी मुलाच्या डब्यात देतो ते साध्या चीजचे चौकोनी तुकडे उचलून आणले, तर दुकानात परत पाठवू नका. पिझ्झ्यावर तेच घालायचे.