गाडी कंपनीची, हप्ता माझा

प्रश्न : ताई, मी ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला आहे, राहते मुलुंड पूर्वेला. वय ३३. कंपनीच्या पीएफचा वाटा सोडून पगार वर्षाला १७ लाख, आयकर नव्या पद्धतीने भरते. आमच्याकडे 'कार लीज' योजना आहे. आठ लाखांची (एक्स-शोरूम) पेट्रोल हॅचबॅक घेतली तर चार वर्षं दरमहा २३,००० भाडं पगारातून कापतील. विमा, सर्व्हिसिंग त्यातच. शेवटी दोन लाख भरले की गाडी माझी. मध्येच नोकरी सोडली तर गाडी परत आणि सहा महिन्यांचं भाडं दंड. दुसरीकडे बँक साडेसात लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी द्यायला तयार आहे. तसं केलं तर रजिस्ट्रेशन, विमा धरून ९ लाख ४० हजार होतात, वरचे १ लाख ९० हजार माझे. टीम लीड म्हणतो, लीज न घेणारा वेडा. बाबा बेस्टमधून निवृत्त झालेत, ते म्हणतात, जी गाडी आपल्या नावावर नाही ती भाड्याचीच. दोघांपैकी कोणाचं ऐकू? नोकरी बदलायचा विचारही चालू आहे, दोन ठिकाणी इंटरव्ह्यू झालेत, पण तो वेगळा विषय.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : तो वेगळा विषय नाही हो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्याच ओळीत आहे. पण आधी टीम लीडचं बघू, कारण तो खोटं बोलत नाहीये. त्याच्यापुरतं तो बरोबरच आहे.

लीजमध्ये होतं काय, तर भाड्याची रक्कम कर लागण्याआधीच पगारातून जाते. गाडी कंपनीने दिलेली सोय धरतात आणि तुमच्या उत्पन्नात भाडं न मिळवता एक ठरावीक मूल्य मिळवतात. १.६ लिटरपर्यंतचं इंजिन, वापर थोडा ऑफिसचा थोडा घरचा, खर्च कंपनीचा, अशा गाडीला १९६२ च्या आयकर नियमांत हे मूल्य महिना १,८०० होतं. त्याहून मोठ्या इंजिनाला २,४००, ड्रायव्हर असला तर वर ९००. नव्या करपद्धतीत एचआरए (घरभाड्याची सवलत) गेलं, ८०सी (बचतीवरची वजावट) गेलं, पण हे टिकलं. म्हणून सगळ्या एचआरवाल्यांना अचानक लीजचा पुळका आलाय.

२०२५-२६ च्या दरांनी तुमचा हिशोब मांडते. वर्षाचं भाडं २ लाख ७६ हजार, त्यातून १,८०० च्या हिशोबाने २१,६०० वजा. म्हणजे करपात्र उत्पन्न २ लाख ५४ हजारांनी घटलं. १७ लाखांतून ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर तुम्ही उरता १६ लाख २५ हजारांवर. घटलेल्या २ लाख ५४ हजारांतले वरचे २५ हजार तेवढे २० टक्क्यांत, बाकीचे सगळे १५ टक्क्यांत. सेस धरून वर्षाला वाचले साधारण ४१ हजार, महिन्याला ३,४००. तुमच्या टीम लीडचं करपात्र उत्पन्न २४ लाखांच्या बरंच वर असणार. त्याचा वरचा पैसा ३० टक्क्यांत, म्हणून तेवढ्याच भाड्यावर त्याचे वर्षाला ७९ हजार वाचतात. आणि वर्षाला पावणेतेरा लाखांपर्यंत पगार असलेल्याला नव्या पद्धतीत करच बसत नाही, त्याला लीजने करातला एक छदामही वाचत नाही. गाडी तीच, भाडं तेच, फायदा ज्याच्या त्याच्या स्लॅबप्रमाणे. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू आहे. तेव्हा या १,८०० च्या जागी यंदा किती धरणार, ते पगार विभागाकडून ईमेलवर लेखी घ्या. आकडा जितका मोठा, तितकी बचत कमी.)

आता चार वर्षांचं. लीज : भाडं ११ लाख ४ हजार, त्यातून कराचे १ लाख ६४ हजार वजा, शेवटचे दोन लाख मिळवा. झाले ११ लाख ४० हजार. कर्ज : चार वर्षांचा हप्ता १८,६६० च्या आसपास, म्हणजे ८ लाख ९६ हजार, अधिक तुमचे १ लाख ९० हजार, अधिक तीन वेळचं विमा नूतनीकरण आणि सर्व्हिसिंग मी एक लाखाच्या थोडं वर धरते. झाले ११ लाख ८८ हजार. दोन्हीकडे शेवटी गाडी तुमची. लीज ४८ हजारांनी स्वस्त. शिवाय तुमचे १ लाख ९० हजार चार वर्षं एफडीत राहतील, त्याचे पंचेचाळीसेक हजार धरा. पेट्रोलची बिलं कंपनीमार्फत गेली तर करात आणखी तेवढेच वाचतील. सगळा गोळाबेरीज फायदा १ लाख ४० हजार.

आणि दंड? सहा महिन्यांचं भाडं, १ लाख ३८ हजार. वर गाडीही गेली.

हे कलम मला पाठ आहे, कारण मी स्वतः त्यात सापडले. अंधेरीच्या एका कंपनीत मी पगार विभागात होते, आठ वर्षं दुसऱ्यांचे फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचे शेवटचे हिशोब, काढत होते. २०१४ मध्ये मीच लीजवर गाडी घेतली, भाडं १६,४००. सव्वीसाव्या महिन्यात राजीनामा दिला. नव्या कंपनीत लीजची पद्धत नव्हती, त्यामुळे करार पुढे नेता येईना, आणि उरलेली रक्कम एकदम भरून गाडी ठेवायची ऐपत नव्हती. शेवटच्या हिशोबात रजेचे पैसे जमेला, ९८,४०० नावे. हातात आलेला आकडा उणे होता. माझ्याच जागी बसलेल्या मुलाने तो कागद मला सहीला दिला आणि पंख्याकडे बघत बसला. पनवेलजवळच्या यार्डात गाडी सोडायला गेले तर डॅशबोर्डवर गणपती तसाच, डबल टेपने चिकटवलेला. तिथल्या माणसाने किल्लीच्या टोकाने तो उचकटला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि हातात दिला. पेपरवर टेपचा काळा चिकटा लागला होता. येताना लोकलने आले.

तेव्हा इंटरव्ह्यूंचा निकाल लागेपर्यंत लीजच्या कागदावर सही करू नका. ऑफर आली तर तिथल्या एचआरला विचारा : तुमच्याकडे लीज आहे का, आणि दुसऱ्या कंपनीतलं चालू लीज तुम्ही घेता का? दोन्हीला 'हो' आलं आणि पगार २४ लाखांच्या वर गेला, तर मला पुन्हा लिहू नका, सरळ लीज घ्या. इथेच चार वर्षं राहायचं नक्की असेल तरी घ्या, फक्त आणखी तीन गोष्टी बघून.

एक, आरसी (गाडीची नोंदणी) कोणाच्या नावावर. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर ११ टक्के वाहन कर आहे, कंपनीच्या नावावर २० टक्के. आठ लाखांवर ८८ हजार की १ लाख ६० हजार, एवढा फरक, आणि तो भाड्यातूनच वसूल होतो. आरसी तुमच्या नावावर आणि तिच्यावर लीज कंपनीची नोंद, असं करता येतं. तसंच मागा. बाबांचंही समाधान होईल.

दोन, जीएसटी. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांना १८ टक्के, मोठ्यांना ४०. लीजच्या भाड्यालाही गाडीचाच दर लागतो, म्हणजे भाड्यात दडलेल्या व्याजावरसुद्धा. बँकेच्या व्याजावर जीएसटी नाही. तुमची हॅचबॅक १८ मध्ये बसते. पण शोरूमवाला 'मॅडम, थोड्याच जास्त भाड्यात एसयूव्ही' म्हणायला लागला तर उठून या.

तीन, विम्यात इंजिन प्रोटेक्शन आहे का. लीजमधला विमा तुम्ही निवडत नाही. साध्या पॉलिसीत, पाण्यात बंद पडलेली गाडी चालू करायला गेलात आणि इंजिनात पाणी शिरलं, तर इंजिनाचा खर्च बहुधा तुमच्याच अंगावर येतो. जुलैत मुंबईत गाडी चालवणाराला हे जास्त सांगायला नको.

नोकरी बदलायचं ठरलं आणि गाडीही आत्ताच हवी असेल, तर कर्ज घ्या. मुदत चार वर्षांचीच ठेवा, सात वर्षांच्या छोट्या हप्त्याला भुलू नका. मुदतीआधी फेडलं तर किती कापणार, ते आधी विचारा. घरात एफडी असेल तर मोडू नका. तिच्यावर एखाद-दोन टक्का जास्त व्याजाने उचल मिळते, काही वेळा कार लोनपेक्षा स्वस्त पडते. कर्ज फिटल्यावर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत बोजा, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवायला जा. हे लोक विसरतात आणि गाडी विकायच्या दिवशी धावाधाव करतात.

बाकी, ऑक्टोबर २०२४ मध्ये ऐरोली नाक्यावरचा टोल छोट्या गाड्यांना माफ झाल्यापासून तुमच्या ऑफिसातले निम्मे लोक गाडी घेऊन येत असणार. तिथे जागा मिळते का, आणि मुलुंडला सोसायटीत पार्किंग आहे का, यातलं पत्रात काहीच नाही. गाडी बुक करायच्या आधी सेक्रेटरींना भेटा, आणि जे ठरेल ते लिहून घ्या.