‘संपवलेलं असेन’ आणि तीनदा आलेलं ‘आव्वार’

प्रश्न असा आलाय: “मुलगी अकरावीला फ्रेंच शिकते. ‘काँ झोरे फिनी, झ पार्तिरे’ याचं भाषांतर तिने वहीत ‘जेव्हा मी संपवलेलं असेन तेव्हा मी निघेन’ असं केलंय आणि त्यावर बरोबरची खूणही आहे. मला ते कानाला खटकतं. हा काळ मराठीत आहे का? आणि ‘ओरे’ कधी, ‘सरे’ कधी?”

खटकतं ना? खटकायलाच हवं. एक तर ‘मी संपवलेलं असेन’ हे व्याकरणातच बसत नाही. ‘संपवणं’ सकर्मक आहे, त्यामुळे क्रियापद कर्माचं ऐकणार: मी काम संपवलेलं असेल, मी पोळी संपवलेली असेल. ‘असेन’ शोभतं ते ‘मी गेलो असेन’मध्ये. पण गाइडांतून ‘मी आंबा खाल्ला असेन’ वर्षानुवर्षं छापून येतंय आणि पोरं ते पाठ करतायत. खाल्ला आंबा, असेन मी! दुसरं म्हणजे असं वाक्य मराठी माणूस जन्मात बोलत नाही. तो म्हणतो, “माझं झालं की निघेन.” संपलं.

आता फ्रेंचकडे. या काळाचं नाव फ्युत्युर आंतेरिअर, म्हणजे ‘आधीचा भविष्यकाळ’, आणि नाव अगदी चोख आहे. पुढे दोन गोष्टी घडायच्या आहेत, त्यातली जी आधी उरकेल तिला हा काळ. ‘पाऊस थांबला की आपण निघू’ हे फ्रेंचमध्ये ‘दे क ला प्लुई ओरा सेसे, नू पार्तिरों’. थांबणंही पुढचं, निघणंही पुढचं, पण थांबणं आधी. घडण सोपी: ‘आव्वार’ (जवळ असणं, भविष्यात ‘ओरे’) किंवा ‘एत्र’ (असणं, भविष्यात ‘सरे’) या सहायकाचा साधा भविष्यकाळ आणि त्यापुढे भूतकाळवाचक कृदंत (‘फिनी’, ‘सेसे’). ‘काँ’, ‘लोर्स्क’ (जेव्हा), ‘दे क’, ‘ओसितो क’ (होताच), ‘आप्रे क’ (झाल्यावर) हे शब्द आले की या काळाची चाहूल घ्यायची. इंग्रजीच्या सवयीने तिथे वर्तमानकाळ घुसवला की मार्क गेले.

मराठी अशा ठिकाणी काय करते? बेधडक भूतकाळ वापरते. पाऊस थांबला की, तू आलास की, परीक्षा झाली की. घडलेलं काहीच नाही, तरी सगळं भूतकाळात. घराबाहेर पडणारा माणूस चपला घालताना “आलोच” म्हणतो, त्या जातीची ही भाषा.

मग आपला तो ‘पूर्ण भविष्यकाळ’ कशासाठी? शाळेच्या तक्त्यात साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती असे चार रकाने आहेत. इंग्रजीच्या साच्यावर आखलेला तो तक्ता भरायचाच म्हणून ‘-ला असेल’ला तिसऱ्या रकान्यात बसवलंय, असं माझं स्वच्छ मत आहे. ‘त्याची गाडी चुकली असेल’ यात भविष्य कुठे आहे? गाडी चुकली तर ती कधीच चुकली. हा अंदाज आहे. दहापैकी नऊ वेळा ‘-ला असेल’ हा अंदाजच असतो. याला काळ म्हणणाऱ्या व्याकरणकारांनी एकदा रात्री नऊला कुणाकडे तरी जाऊन “जेवला असाल ना?” ऐकून यावं.

आणि गंमत अशी की हाच अंदाज फ्रेंचमध्ये याच काळाने करतात. ‘इल ओरा मांके सों त्रँ’, त्याची गाडी चुकली असेल. शब्दाला शब्द. दारावरची बेल वाजली की फ्रेंच माणूस साध्या भविष्यकाळात ‘स सरा ल फाक्तर’ म्हणतो, आपण ‘पोस्टमन असेल’. तेव्हा मराठी ‘-ला असेल’ला फ्रेंचमधला जुळा भाऊ आहेच, पण तो तुमच्या मुलीच्या वाक्यातला नव्हे, गाडी चुकलेल्याच्या वाक्यातला. पाठ्यपुस्तकं हा वापर शेवटच्या टिपेत ढकलतात. मी तो पहिल्या पानावर घेतला असता.

पण मला खरं सांगायचंय ते ‘ओरे’बद्दल.

फ्रेंच साध्या भविष्यकाळाचे प्रत्यय वेगळे पाठ करायला लावतात ते उगाच. ‘पार्ले’ म्हणजे बोलणं. त्याचं भविष्य: झ पार्लरे, त्यु पार्लरा, इल पार्लरा, नू पार्लरों, वू पार्लरे, इल पार्लरों. आता ‘आव्वार’चा, म्हणजे ‘जवळ असणं’चा, वर्तमानकाळ बघा: झे, त्यु आ, इल आ, नूझाव्हों, वूझाव्हे, इलझों. नू-वूचं ‘आव्ह’ गाळा, की शेपट्या त्याच. योगायोग नाही. रोमन साम्राज्यातली साधी माणसं लॅटिन ‘कांताबो’ (गाईन) सोडून ‘कांतारे हाबेओ’ म्हणू लागली. शब्दशः ‘गाणं आहे माझ्याकडे’, म्हणजे मला गायचं आहे. हे ‘हाबेओ’ झिजत झिजत नुसतं ‘ए’ उरलं आणि धातूला चिकटलं. 842 सालच्या स्ट्रासबुर्गच्या शपथांत, म्हणजे फ्रेंचच्या सगळ्यात जुन्या लेखात, ‘साल्व्हाराइ’ (रक्षीन) पक्कं जुळून आलेलं दिसतं. सांधा उघडा बघायचा असेल तर गोव्यात पोर्तुगीज शाळेत शिकलेले कुणी आजोबा गाठा. ‘तुला देईन’ला ग्रंथी पोर्तुगीज ‘दार-ते-एइ’ म्हणते: ‘दार’ म्हणजे देणं, ‘एइ’ म्हणजे आहे, आणि ‘तुला’ मधल्या फटीत!

माझा लाडका पुरावा त्याहून जुना. फ्रेडेगारच्या नावावर असलेल्या सातव्या शतकातल्या बखरीत रोमन सम्राट जस्टिनियन हरलेल्या इराणी राजाकडे मुलूख मागतो. राजा म्हणतो, “नोन दाबो”, देणार नाही. जस्टिनियन म्हणतो, “दारास!” आणि म्हणून तिथल्या शहराचं नाव दारास पडलं. व्युत्पत्ती साफ खोटी. दारा शहर जस्टिनियनच्या आधी सम्राट आनास्तासियसने वसवलं. त्याचे अवशेष आज तुर्कस्तानात मार्दिनजवळ आहेत. पण ते ‘दारास’ म्हणजे ‘दारे हाबेस’: देशीलही आणि तुला द्यायचंयही. राजा जुन्या भविष्यकाळात नकार देतोय आणि बादशहा नव्यात दम भरतोय. काळ बदलताना इतका ऐकू येतो तरी कधी?

आता या न्यायाने ‘झोरे’तलं ‘ओरे’ म्हणजे ‘हाबेरे’ (‘आव्वार’चं लॅटिन मूळ) अधिक ‘हाबेओ’, म्हणजे एकच क्रियापद दोनदा. आणि ‘झोरे यु’ (मला मिळालं असेल) यात ‘यु’ हेही त्याच क्रियापदाचं कृदंत. तीनदा! दोन चिमुकले शब्द, आणि आत ‘आव्वार’वर ‘आव्वार’वर ‘आव्वार’. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी बसमध्ये होतो आणि माझा थांबा गेला.

इथे माझा एक सिद्धांत आहे, हसायचं तर हसा. ‘कांतारे हाबेओ’ला आज जगात कुठे जिवंत जोड असेल तर ती मराठीत. ‘मला उद्या पुण्याला जायचंय.’ हे कर्तव्य आहे, इच्छा आहे की नुसता बेत? तिन्ही. ‘जायचं आहे’चं ‘जायचंय’ झालं, ‘आहे’चा फक्त ‘य’ उरला, जसा ‘हाबेओ’चा ‘ए’ उरला. अजून काही शतकं जाऊ द्या, ‘जाईन’ पोथीत राहील आणि लोक ‘जायचंय’नेच भविष्य सांगतील. माझे एक भाषाशास्त्री स्नेही यावर मान हलवून म्हणतात की ती गादी ‘-णार’ने आधीच बळकावली आहे, लोक ‘मी जाणारे’ म्हणतायत, ‘आहे’ तिथेही झिजलंय. ठीक. पण ‘-णार’मध्ये तो दम कुठे? जस्टिनियनला विचारा, तो “तू देणार आहेस” म्हणाला असता की “तुला द्यायचंय”?

कृदंताचंही जाता जाता. ‘आव्वार’बरोबर ते सहसा बदलत नाही, पण कर्म आधी येऊन बसलं तर त्याच्यापुढे झुकतं: ‘झोरे एक्री ला लेत्र’, पण ‘ला लेत्र क झोरे एक्रीत’. विद्यार्थ्यांना हे छळ वाटतं. मराठी मुलांना का वाटावं? ‘मी चिठ्ठी लिहिली असेल, मी निबंध लिहिला असेल’ हे आपण कर्म कुठेही असो, झोपेत पाळतो. दोन्हीकडे कृदंत मुळात कर्माचं विशेषण होतं, म्हणून ही सवय.

आणि ‘सरे’ राहिलंच की. येणं, जाणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं, पडणं, राहणं अशी मोजकी अकर्मक क्रियापदं आणि ‘स’ लागणारी सगळी आत्मवाचक क्रियापदं ‘एत्र’ घेतात; तिथे ओरे-ओराऐवजी सरे-सरा. ‘निघणं’ त्या यादीत आहे म्हणून ‘झ सरे पार्ती’. ‘संपवणं’ नाही, म्हणून ‘झोरे फिनी’. ‘एत्र’ आलं की कृदंत बहुधा कर्त्याप्रमाणे बदलतं. मुलीने स्वतःबद्दल लिहिताना ‘पार्ती’ला शेवटी एक जादा ‘ई’ हे अक्षर जोडायचं. ते ऐकू येत नाही, पण तपासणाऱ्याला दिसतं.

तिला आज रात्री सरावाला एवढंच द्या: मैत्रीण फोन उचलत नाहीये. ‘एल स सरा आंदोर्मी.’ झोपली असेल.