पाय उडतो तेव्हा

प्रश्न: मी 29 वर्षांचा. कुळागरात पोफळीवरून पडलो, त्याला सात महिने झाले. मणक्यात डी-8 ला, म्हणजे छातीमागच्या आठव्या मणक्याला, मार आहे, बरगड्यांखाली काही कळत नाही. काही महिन्यांपासून पाय आपोआप उडतात, हा आठवडा तर फारच. आई म्हणते, जीव परत येतोय. तिने देवाला नारळही ठेवला. खरं का? पोट सुटलंय, पिंढऱ्यांच्या काठ्या झाल्यात. मित्र जत्रेतल्या नाटकाला चल म्हणतात, पण असं कोणासमोर जावंसं वाटत नाही.
— एक वाचक, सावईवेरे

उत्तर: आईंना नारळ ठेवू द्या. पण नुसतं पाय उडणं म्हणजे पाय परत येणं नव्हे. मार बसल्यावर काही आठवडे मज्जारज्जूचा खालचा भाग गप्प असतो. मग तो जागा होतो, पण मेंदूचा वचक राहिलेला नसतो. चादर घासली तरी लाथ मारतो. बारा वर्षांपूर्वी स्कूटर घसरून माझा डी-4 गेला. पहिल्यांदा अंगठा हलला तेव्हा बायकोने अख्खा वाडा गोळा केला. सगळ्यांसमोर मी ‘हल’ म्हटलं, तर ढिम्म! तुम्ही मनात आणल्यावर हलला, तर मात्र डॉक्टरांना लगेच दाखवा.

मला खटकलं ते ‘हा आठवडा फारच’. जे दुखणं तुम्हाला कळत नाही, त्यावर पाय उडून ओरडतो. लघवी तुंबलीय, पोट साफ नाही, नख आत रुततंय, कातडी दुखावलीय, यांपैकी काहीही असेल. नळी घालत असाल तर साधारण चार ते सहा तासांनी घाला, 500 मिलीच्या वर साचू देऊ नका. लघवी गढूळ असेल किंवा ताप असेल तर तपासणी आजच. एकच पाय सुजून गरम लागला तरी थांबू नका, आत रक्ताची गुठळी असू शकते.

आणि आरसा घ्या. सकाळ-संध्याकाळ बैठक, माकडहाड, टाचा बघायच्या. मी एकदा पेजेचा टोप मांडीवर घेऊन दारापर्यंत आलो, शेजाऱ्याशी गप्पा मारल्या, पेज प्यालो. संध्याकाळी बायकोने लुंगी बदलताना पाहिलं, तळहाताएवढा फोड! भरायला दोन महिने गेले. तेव्हापासून मांडीवर आधी लाकडी पाट, मग टोप. खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी पुढे वाकून बैठकीवरचा भार काढा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर त्यावर बसणं बंद.

पोटाचं म्हणाल तर ती सगळी चरबी नव्हे. पोट आत धरणारे स्नायू ढिले पडलेत. पट्टा बांधलात की पँट नीट बसते. किती वेळ बांधायचा ते फिजिओथेरपिस्टला विचारा. पिंढऱ्या बारीक राहतील. मला सवय व्हायला तीन वर्षं लागली, खोटं कशाला सांगू?

नाटकाला जा. गेल्या वर्षी आमच्या जत्रेत दुसऱ्या अंकाला माझं डोकं घणाचे घाव घातल्यासारखं ठणकू लागलं, कपाळावर घामाच्या धारा. लघवीची नळी मांडीखाली दुमडली होती. सरळ केली, पिशवी भरू लागली आणि डोकं उतरलं. डी-8 ला हे सहसा होत नाही. डी-6 किंवा त्याच्या वर मार असलेल्यांनी मात्र अशा वेळी ताठ बसावं, आधी नळी बघावी, उतरलं नाही तर थेट इस्पितळ गाठावं. रक्तदाब भयंकर चढतो.

खुर्ची मांडवाच्या कडेला लावा, पिशवी रिकामी करायला बाहेर पडणं सोपं जातं. मी तिसरा अंक बघूनच घरी गेलो.