माटोळीचे छायाचित्र लिंक्डइनवर टाकण्यापूर्वी

गोव्यात चवथीला गणपतीच्या मूर्तीवर रानफळे बांधून टांगतात त्या माटोळीचे छायाचित्र इन्स्टाग्रामवर टाकल्यानंतर तेच, त्याच ओळीसह, लिंक्डइनवर चढवण्याची घाई करू नका. पणजीतला नोकरी देणारा तिथे तुमचे काम पाहायला येतो. ट्विटरवरील मजकूर आपोआप लिंक्डइनवर दाखवण्याची २००९ मधील सोय २०१२ मध्ये बंद झाली, याचे मला मुळीच वाईट वाटले नाही, कारण तिच्यामुळे माझ्या सांजावच्या, म्हणजे गोव्यातल्या जूनमधील सणाच्या, गमतीही वरिष्ठांपर्यंत पोहोचत असत. मात्र तुम्ही वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी असाल, तर माटोळीतील रानफळांची ओळख करून देणारा मजकूर नव्याने लिहून तेच छायाचित्र अवश्य द्या. लिंक्डइनच्या एका पोस्टमध्ये ३,००० अक्षरे मावतात, परंतु वाचकाला आधी सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून फळांची नावे तिथेच आणा.